मोटर आपोआप चालू होतेय? आधी हुकूम कोणाचा ते शोधा

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर या पट्ट्यात मोबाईल स्टार्टर (फोनवरून मोटर चालू-बंद करणारी पेटी) किंवा रिमोट बसवलेल्या मोटरींची एक तक्रार दर हंगामात नव्यानं येते. फोन कोणी केलेला नाही, बटण कोणी दाबलेलं नाही, तरी मोटर चालू. सकाळी रानात जाऊन बघावं तर सऱ्या तुडुंब, पाणी बांध फोडून शेजारच्या सोयाबीनमध्ये गेलेलं आणि शेजारी बांधावर वाट बघत उभा. सामायिक विहीर असली तर प्रकरण आणखी वाढतं. पाळी दुसऱ्याची असताना आपली मोटर पाणी ओढते आणि "मी चालू केलीच नाही" यावर भाऊबंदांचा विश्वास बसत नाही. याच तक्रारीचं उलटं रूपही तितकंच दिसतं: मालक स्वतः फोन लावतोय, रिंग जातेय, पण पेटी काही दाद देत नाही.

वरवर हे दोन वेगळे दोष वाटतात. पेटी उघडून बसलं की बहुतेक वेळा दोन्हीकडे एकच प्रश्न निघतो: हवेतून आलेला हुकूम कोणाचा, हे ही पेटी कशावरून ठरवते? दुकानात हा प्रश्न कोणी विचारत नाही. मोटर किती एचपीची, ड्राय रन आहे का, सिंगल फेज प्रिव्हेंटर आहे का, एवढं विचारून पेटी घरी येते. दोष काढायला बसल्यावर मात्र तिथूनच सुरुवात करावी लागते.

त्याआधी एक गोष्ट, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. मोटर एकदा जरी आपोआप चालू झाली असेल, तर कारण सापडेपर्यंत तिला हात लावताना पेटीवर भरवसा ठेवू नका. दूधगंगा-वेदगंगेच्या काठावर फूट व्हॉल्व्हमध्ये अडकलेला पालापाचोळा काढायला माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरतात. विहिरीत उतरतात, कपलिंगमध्ये हात घालतात. अशा वेळी पेटी 'मॅन्युअल'वर केली म्हणून काम भागत नाही. मेन स्विच पाडा, तिन्ही किटकॅट (फ्यूज) काढा आणि स्वतःच्या खिशात घाला. दुसऱ्याला "लक्ष ठेव रे" असं सांगून उतरू नका. हे प्रत्येक वेळी करा, घाई असली तरी करा.

दोष हवेतला की पेटीतलाच?

पुष्कळ वेळा हुकूम बाहेरून आलेलाच नसतो. आपल्याकडे हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, थ्री फेज ठराविक पाळीत येते, कधी मध्यरात्री येते. पेटी 'ऑटो'वर राहिली असेल तर करंट आल्यावर ठरलेल्या वेळानंतर ती मोटर आपणहून चालू करते, आणि तिचं ते कामच आहे. घरातल्या कोणीतरी एका रात्री 'ऑटो' केलं आणि परत फिरवायचं राहिलं, एवढ्यावरून लोक नवीन पेटी घेतात. मोटरीला करंट जोडणाऱ्या कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटलेत का, आतला छोटा रिले जळून जोडलेल्या अवस्थेत अडकलाय का, पुश बटणाच्या वायरीत पावसाचं पाणी गेलंय का, हेही बघून घ्या. रिले चिकटला असेल तर मोटर बंदच होत नाही, ते लगेच कळतं.

खात्री करायची सोपी रीत अशी. मोबाईल स्टार्टर असेल तर त्यातलं सिम काढा, 'ऑटो' बंद करा आणि मोटर फक्त हातानं बटण दाबून चालवा. रिमोटची पेटी असेल तर रिसीव्हरची अँटेना काढा. ४३३ मेगाहर्ट्झच्या रिसीव्हरला सतरा-साडेसतरा सेंटिमीटरची एक वायर लावलेली असते, ती बहुतेक वेळा तीच. मात्र रिमोट अगदी पेटीजवळ धरला तर अँटेना नसतानाही चालतो, म्हणून या काळात रिमोट घरीच ठेवा. आठवडाभर असं चालवून बघा. तरीही मोटर आपोआप सुरू झाली तर दोष वायरिंगचा, पुढचं वाचायची गरज नाही, वायरमनला बोलवा. थांबली, आणि पेटी आधीही 'ऑटो'वर नव्हती, तर हुकूम हवेतूनच येत होता.

मोबाईल स्टार्टर

आतल्या सिमवर फोन आला की पेटीतल्या फोनच्या भागाला, म्हणजे मॉड्यूलला, रिंगबरोबर फोन करणाऱ्याचा नंबर मिळतो. पेटी तो नंबर आपल्या यादीत शोधते. सापडला तर मोटर चालू करते, किंवा फोन उचलून १ दाबा, २ दाबा असं घेते. म्हणजे पेटीच्या दृष्टीनं माणूस नाहीच, फक्त नंबर आहे.

पहिली तपासणी यादीची. काही पेट्यांमध्ये 'कोणताही नंबर चालेल' अशी सोय असते, आणि बसवणारा घाईत तीच चालू ठेवून जातो, कारण तेवढ्यापुरतं काम होतं. मग १४० नं सुरू होणाऱ्या जाहिरातीच्या कॉलवरही मोटर सुरू होते. एखादा नंबर चुकीचा फिरवून रिंग देतो, तेव्हाही होते. पेटीचं मॅन्युअल काढून यादीची सोय चालू करा, आणि पेटीतलं सिम थोडा वेळ फोनमध्ये घालून १९०९ वर जाहिरातींना बंदी नोंदवून टाका.

यादी चालू असूनही मोटर सुरू होते? मग हे करा. पेटी मॅन्युअलवर टाका, सिम काढून एखाद्या साध्या कीपॅडच्या फोनमध्ये घाला आणि तो फोन घरी चार्जिंगला लावून ठेवा. कोणी उचलायचा नाही. आठ-दहा दिवसांत पेटीला कोणकोण रिंग देतं ते मिस्ड कॉलच्या यादीत डोळ्यांसमोर येतं. महागड्या उपकरणापेक्षा ही युक्ती जास्त कामाची आहे. त्या यादीत जुना सालगडी निघतो, वाटणीआधी एकत्र असलेला चुलत भाऊ निघतो, पेटी बसवणाऱ्या माणसाचा नंबर निघतो. कधी एखादा नंबर कोणाच्याच ओळखीचा नसतो, तरी पेटीच्या यादीत असतो. तो बहुतेक वेळा घरच्याच कोणाचा तरी जुना, बंद पडलेला नंबर असतो. बंद झालेला नंबर ९० दिवस राखून ठेवतात, त्यानंतर तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. मंगळुरातल्या किंवा हुबळीतल्या कोणाकडे तो गेला आणि त्यानं सहज चुकून तुमच्या पेटीला रिंग दिली, तर पेटी त्याला मालकच समजणार. त्या बिचाऱ्याला आपण कोणाची मोटर चालू केली याचा पत्ताही नसतो. म्हणून घरात कोणी नंबर बदलला की त्याच दिवशी पेटीतून जुना नंबर पुसा.

पेटीच्या स्वतःच्या सिमचंही तसंच. रिचार्ज संपून ते बरेच दिवस पडून राहिलं आणि बंद झालं, तर उद्या तुम्ही मोटरीला म्हणून केलेला फोन भलत्याच माणसाच्या खिशात वाजेल.

आता उलटी तक्रार: पेटी मालकालाच ओळखत नाही. सीमाभागात याचं एक कारण इतकं नेहमीचं आहे की मी आधी तेच विचारतो. आपल्याकडे बहुतेकांच्या फोनमध्ये दोन सिम असतात, एक इकडचं आणि एक कोल्हापूर, गडहिंग्लज किंवा चंदगडकडे घेतलेलं. यादीत नंबर असतो कर्नाटकातल्या सिमचा, आणि फोन जातो महाराष्ट्राच्या सिमवरून. कोगनोळी नाक्याच्या आसपास किंवा नदीकाठच्या रानात एका सिमची रेंज गेली की माणूस नकळत दुसऱ्यावरून फोन लावतो. पेटीला तो परका वाटतो, आणि तिचं बरोबरच आहे. दोन्ही नंबर यादीत घाला, नाहीतर फोनमध्ये त्या कॉन्टॅक्टपुरतं एक सिम कायमचं ठरवून द्या.

दुसरं कारण नंबर लिहिण्याच्या पद्धतीत असतं. नेटवर्ककडून मॉड्यूलला नंबरासोबत त्याचा प्रकारही मिळतो. १४५ म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीचा, पुढे अधिक ९१ लावलेला. १२९ म्हणजे तसा ठरवून न दिलेला, नुसते दहा आकडे किंवा पुढे शून्य. तुम्ही यादीत दहा आकडे भरले आणि पेटी अक्षरशः तुलना करणारी असली, तर अधिक ९१ लागून आलेला तोच नंबर तिला वेगळा वाटतो. सिम कंपनी बदलली, टूजी पेटी जाऊन फोरजी आली, की कालपर्यंत चालणारा नंबर आज चालेनासा होतो तो यामुळे. नीट बनवलेली पेटी शेवटचे दहा आकडे बघते. तशी नसेल तर एकच नंबर तिन्ही प्रकारे यादीत भरा. शेवटचे सहा-सातच आकडे जुळवणारी पेटी मात्र घेऊ नका. तेवढे आकडे जुळणारे दुसरे नंबर असतात.

एसएमएसनं चालणाऱ्या पेटीत आणखी एक अडचण येते. फोनचा कीबोर्ड मराठी किंवा कन्नडवर असला आणि पासवर्डचे आकडे त्या लिपीत गेले, तर संपूर्ण मेसेज युनिकोडमध्ये जातो. त्या मेसेजमध्ये १६० ऐवजी ७० अक्षरं मावतात एवढाच आपल्याला दिसणारा फरक, पण पेटीला तो मेसेज वाचताच येत नाही. आकडे इंग्रजी कीबोर्डवरून घाला. आणि पासवर्ड कारखान्यातून आला तसाच ठेवला असेल तर तो आजच बदला, कारण त्या कंपनीच्या प्रत्येक पेटीत तोच असतो आणि मॅन्युअलच्या पहिल्या पानावर छापलेला असतो.

इतकं केल्यावर मोबाईल स्टार्टरच्या बहुतेक तक्रारी मिटतात. पण नंबर हा पुरावा किती पक्का, हे समजून घेतलेलं बरं. तुमच्या सिममध्ये एक गुप्त किल्ली असते. टॉवर एक यादृच्छिक आकडा पाठवतो, सिम त्या किल्लीनं त्याचं उत्तर काढतं, आणि उत्तर जुळलं तरच नेटवर्क तुम्हाला आत घेतं. ही ओळख पक्की असते. पण ती तुमच्या आणि तुमच्या कंपनीच्या मध्येच संपते. तिथून पुढे पेटीपर्यंत पोचतो तो नुसता नंबर, पाकिटावर 'प्रेषक' म्हणून लिहिलेल्या नावासारखा. पाकीट प्रामाणिक माणसानं भरलं तर नाव खरं. परदेशातून इंटरनेटमार्गे येणाऱ्या कॉलवर भारतातला नंबर लिहून पाठवणारे पुष्कळ आहेत. दूरसंचार विभागानं ऑक्टोबर २०२४ मध्ये असे कॉल अडवणारी यंत्रणा सुरू केली, तेव्हा पहिल्या २४ तासांतच सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडवले गेले. यावरून अंदाज येईल.

टूजीत आणखी एक उणीव आहे. सिम टॉवरला ओळख पटवतं, टॉवर सिमला पटवत नाही. थ्रीजीपासून दोघांनीही एकमेकांना ओळख पटवायची सोय आली. जिओचं जाळं मुळात फोरजीचं, म्हणून त्याचं सिम टूजी पेटीत चालत नाही आणि लोक दुसऱ्या कंपनीचं सिम घालून टूजी पेटी वर्षानुवर्षं चालवतात. ऊस पाजणाऱ्या मोटरीसाठी कोणी खोटा टॉवर उभा करणार नाही, त्याची भीती बाळगू नका. पण पेटी बदलायची वेळ आलीच असेल तर फोरजीची घ्या, आणि फोन उचलून पिन मागणारी घ्या. नुसत्या रिंगवर चालणारी नको. नंबरासोबत एखादी गुप्त गोष्ट विचारली जाते, एवढ्यानंही बराच फरक पडतो.

बटणाचा रिमोट: खरा घोळ इथे

मोबाईल स्टार्टरमध्ये निदान मिस्ड कॉलची यादी तरी मिळते. स्वस्त रिमोटमध्ये कसलीच नोंद राहत नाही, म्हणून इथे संशय माणसांवर जातो आणि संबंध बिघडतात.

हुक्केरी तालुक्यातल्या एका मळ्यातली गोष्ट सांगतो. दोन भावांचे गोठे बांधाच्या दोन बाजूंना, दोघांच्या मोटरी वेगळ्या. धाकट्याची मोटर संध्याकाळी आपोआप चालू व्हायची आणि तो थोरल्यावर आरोप करायचा. पेटीपाशी एकाला उभं करून मी पलीकडे गेलो. थोरल्यांना म्हटलं, "आण्णा, तुमचा रिमोट एकदा दाबा बघू." त्यांनी गोठ्यातला दिवा लावायचा रिमोट दाबला. दिवा लागला, आणि त्याच क्षणी बांधापलीकडून कॉन्टॅक्टरचा खट्ट आवाज आला. आण्णा रोज धारा काढायच्या वेळी गोठ्यातला दिवा लावत होते, आणि भावाची मोटर सुरू होत होती. दोघांनीही रिमोट बाजारातून वेगवेगळ्या वेळी आणलेले, आत चिप मात्र एकाच जातीची, आणि कोड तोच.

हे कसं होतं ते बघा. जुन्या पद्धतीच्या रिमोटमध्ये पीटी२२६२ जातीची चिप असते. चार बटणांच्या नेहमीच्या रिमोटमध्ये पत्त्यासाठी, म्हणजे रिमोट कोणता हे सांगायला, तिचे आठ पाय वापरतात. प्रत्येक पाय प्लसला, मायनसला किंवा मोकळा असा तीनच प्रकारे ठेवता येतो. म्हणजे जास्तीत जास्त ६,५६१ वेगळे पत्ते. आणि प्रत्यक्षात डाग देऊन पत्ता बदलायचे कष्ट कोणी घेत नाही, आठही पाय मोकळे सोडलेले रिमोट सर्रास विकले जातात. ते सगळे एकमेकांचे जुळे. उपाय सोपा आहे: रिमोट आणि रिसीव्हर दोन्ही उघडा, भिंगातून आठ पाय बघा, दोन्हीकडे तेच दोन-तीन पाय सारख्याच पद्धतीनं जोडून घ्या. तिरपा वाकवलेला बारीक टोकाचा सोल्डरिंग आयर्न लागतो, नसेल तर मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या.

नंतरच्या रिमोटमध्ये ईव्ही१५२७ जातीची चिप आली. तिच्यात २० बिटांचा कोड कारखान्यातच भरलेला असतो, म्हणजे १० लाख ४८ हजार ५७६ शक्यता. दोन रिमोट योगायोगानं जुळायची भीती इथे फारशी नाही. इथे वेगळ्या कारणानं घोळ होतो. रिसीव्हरवर 'लर्न'चं बटण असतं. ते दाबून ठेवलेलं असताना जो रिमोट दाबला जाईल तो रिसीव्हर आपला मानतो. बसवताना शेजारी कोणी रिमोट दाबला, दुकानदारानं तपासणीसाठी आपला रिमोट शिकवून ठेवला, जुन्या मालकाचा रिमोट आतच राहिला, की झालं. लर्न बटण लांब दाबून सगळे कोड पुसा आणि आपल्या हातातले रिमोट एकेक करून नव्यानं शिकवा. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि निम्म्या तक्रारी यातच संपतात.

पण कोड पक्का असला तरी तो दर वेळी तोच जातो. आज दाबा, उद्या दाबा, हवेत जाणारे २४ बिट तेच. बाजारात मिळणारा कॉपी रिमोट तो एकदा ऐकतो आणि जसाच्या तसा परत बोलतो. रिसीव्हरला मूळ कोणता आणि नक्कल कोणती, हे कळायचा काही मार्गच नसतो. तुमच्या गड्यानं गावातल्या दुकानातून रिमोटची नक्कल करून घेतली तर रिसीव्हरच्या लेखी तोही मालकच.

संशय असूनही रिमोट सापडत नसेल तर हवेतच कान लावावा लागतो. टीव्हीसाठी बनलेला एक यूएसबी डोंगल मिळतो, त्याला आरटीएल-एसडीआर म्हणतात. तो लॅपटॉपला लावून ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या आसपास ऐकलं आणि आरटीएल_४३३ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालू ठेवला, की प्रत्येक दाबाचा कोड आणि वेळ स्क्रीनवर उमटतो. हे उपकरण फक्त ऐकतं, काही पाठवत नाही. आधी स्वतःचे सगळे रिमोट एकेकदा दाबून त्यांचे कोड वहीत लिहा. मग लॅपटॉप मोटरीपाशी ठेवा आणि मोटर आपोआप सुरू झालेली वेळ व त्या वेळी उमटलेला कोड जुळवून बघा. कोड तुमच्या वहीतला नसेल तर रिसीव्हरनं परका रिमोट शिकलेला आहे. वहीतलाच असेल आणि तुमचा रिमोट त्या वेळी घरात डब्यात असेल, तर कोणाकडे तरी नक्कल आहे.

नक्कल आणि मूळ यांच्यात फरक करायला इथे एक धागा मिळतो, आणि मला स्वतःला या सगळ्यात तोच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. कोड तोच असला तरी पाठवणारं यंत्र वेगळं असतं. या रिमोटमधला रेझोनेटर, म्हणजे लहरींची वारंवारता ठरवणारा भाग, अगदी ४३३.९२ वर बसत नाही, साधारण ७५ किलोहर्ट्झ इकडे किंवा तिकडे असू शकतो. तुमचा रिमोट स्क्रीनवरच्या वारंवारतेच्या आलेखात ४३३.८९ ला रेघ काढत असेल आणि आपोआप आलेला सिग्नल ४३३.९६ ला, तर तो तुमच्या रिमोटचा नव्हे. रेघ सुरू होताना कशी उसळते, बिटांची लांबी किती मायक्रोसेकंद भरते, यातही यंत्रागणिक फरक असतो. दुसऱ्या महायुद्धात मोर्सचे संदेश ऐकणारे लोक पाठवणाऱ्याच्या हाताच्या लकबीवरून तो ओळखत. आता यंत्राची लकब संगणकाला शिकवून हेच काम केलं जातं, आणि त्यावर बरंच संशोधन चालू आहे.

मात्र या लकबीवर कोणाला चोर ठरवू नका. बॅटरी उतरली, रिमोट उन्हात तापला, पाऊस पडून गेला, की रेघ सरकते. दोन रिमोट एकाच जागी बसतील असंही होऊ शकतं. शोध कोणत्या दिशेनं घ्यायचा एवढंच त्यावरून ठरवावं. दिशेसाठी आणखी साधी रीत आहे: अँटेना छातीशी धरून हळूहळू स्वतःभोवती फिरा. तुमचं अंग सिग्नलच्या आड आलं की तो कमी होतो, म्हणजे सिग्नल पाठीमागून येतोय. त्यासाठी पलीकडचा माणूस बटण दाबत राहायला हवा, आणि तो मिळाला तर बोलूनच प्रश्न सुटतो.

कायमचा उपाय म्हणजे दर दाबाला बदलणारा कोड, ज्याला रोलिंग कोड म्हणतात. कीलॉक पद्धतीच्या एचसीएस३०१ चिपमध्ये एका वेळी ६६ बिट जातात. त्यातले ३२ बिट गुप्त किल्लीनं बदललेले, २८ बिट रिमोटचा क्रमांक. आत एक मोजणी पुढे पुढे सरकते, आणि एकदा वापरलेला कोड रिसीव्हर परत घेत नाही. कॉपी रिमोटचं तिथे काही चालत नाही. ही पद्धतही अभेद्य नाही. जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये कीलॉकची किल्ली काढून दाखवली, आणि २०१५ मध्ये सॅमी कामकार यांनी न पोचलेला कोड अडवून नंतर वापरायची युक्ती जगासमोर मांडली. तरी बांधावरच्या भांडणापुरता हा रिमोट पुरेसा आहे, आणि साध्या रिमोटपेक्षा थोडेच पैसे जास्त लागतात. ते जरूर खर्च करा.

रोलिंग कोड घेतल्यावर एक तक्रार नवीन येते. घरात लहान मुलं रिमोटशी खेळतात, मोजणी पुढे निघून जाते आणि रानात गेल्यावर पेटी ऐकत नाही. साधारणपणे १६ दाबांपर्यंतचा फरक रिसीव्हर आपणहून सांभाळून घेतो. त्याहून जास्त असेल तर लागोपाठ दोनदा दाबा, तो जुळवून घेतो. तरीही नाही झालं तर नव्यानं शिकवा. रिमोट बिघडला म्हणून फेकू नका.

टाकीचा सेन्सर आणि लांबची उपकरणं

टाकी भरली की मोटर बंद, रिकामी झाली की चालू, असा रेडिओ सेन्सर लावलेला असेल तर तोही एक हुकूम देणाराच. यातली पुष्कळ मॉड्यूल कारखान्यातून एकाच पत्त्यावर आणि एकाच चॅनेलवर येतात. वस्तीवर दोघांनी एकाच प्रकारचा सेन्सर लावला की एकाची टाकी रिकामी झाल्यावर दुसऱ्याची मोटर धावते. पत्ता आणि चॅनेल दोन्ही बदला, बसवणाऱ्याला हे करूनच जायला सांगा.

अथणीकडच्या द्राक्षबागांत किंवा मोठ्या मळ्यांत ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवरचे लोरावॅन (लांब पल्ल्याच्या रेडिओ पद्धतीचे) सेन्सर कोणी लावले असतील, तर तिथे ओळख नीट तपासली जाते. प्रत्येक संदेशावर १२८ बिटांच्या किल्लीनं काढलेली चार बाइटची खूण असते आणि संदेशांची मोजणीही असते. त्यांची नेहमीची तक्रार म्हणजे बॅटरी बदलली आणि माहिती येणं बंद झालं. सेन्सरची मोजणी परत शून्यावर आलेली असते, आणि सर्व्हर ते जुन्या संदेशांची नक्कल समजून टाकून देतो. सर्व्हरवर मोजणी तपासायचंच बंद करून टाका, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्यानं खरंच कोणी जुना संदेश परत पाठवला तर तोही चालून जाईल. सेन्सर दर वेळी नव्यानं नोंदणी करून किल्ली घेईल अशा पद्धतीवर टाका, त्याला ओटीएए म्हणतात. बॅटरी बदलल्यावर तो आपणहून जोडला जातो.

दुरुस्ती झाली का, हे कसं ठरवायचं

आपला फोन लावला आणि मोटर चालू झाली, एवढ्यावर बसवणारा पैसे घेऊन निघतो. ती अर्धीच तपासणी आहे. जे चालायला नको ते खरंच चालत नाही ना, हे त्याच्यासमोर बघा. यादीत नसलेल्या नंबरावरून रिंग द्या. यादीतून पुसलेल्या जुन्या सिमवरून द्या. चुकीचा पिन घाला, जुना पासवर्ड घालून एसएमएस पाठवा. शेजाऱ्यांना बोलवा, त्यांच्याकडचे गोठ्याचे, गेटचे, बोअरचे सगळे रिमोट तुमच्या पेटीजवळ उभं राहून एकेक करून दाबायला सांगा. सामायिक विहीर असेल तर सगळे वाटेकरी हजर असताना हे करा, म्हणजे पुढे कोणाच्या मनात शंका राहत नाही. या साऱ्यात कॉन्टॅक्टर एकदाही ओढला गेला नाही, की मग मोटर परत 'ऑटो'वर टाका, आणि यादीतले नंबर व रिमोटचे कोड पेटीच्या दाराला आतून चिकटवू नका, घरातल्या वहीत लिहून ठेवा.